पाच पायांचं हरीण

मी खोडरबर वापरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझीच फजिती व्हायची आहे आणि ती ऐकून कुणी म्हणायला नको की फिदेंसियाला आखता येत नाही. आमच्या डोंगरात कापडावर आखणाऱ्या वीसेक जणी असतील. त्यातल्या निम्म्या आधी पेन्सिलीने गिरवतात, मग पुसतात, मग परत गिरवतात. मी मांजरपाट मधोमध दुमडते, घडीची रेघ पाडते आणि सरळ पेन टेकवते. रेघेच्या डावीकडे जो पक्षी, तोच उजवीकडे. डावीकडे ससा तर उजवीकडे ससा. मधे जागा उरली की फूल, त्यातूनही उरली की पान. मग बायका ते रंगीत धाग्यांनी भरतात. चाळीस वर्षं मी हे करते आहे आणि माझी चूक कुणी दाखवली नाही. म्हणजे, आजवर तरी कुणी दाखवली नव्हती.

ऑक्टोबरात एका दुपारी तिबुर्सियोकाका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आमच्या गावच्या बँडचे ते म्होरके. वय सत्तरीच्या पुढे, पोट त्यांच्याही पुढे. ट्यूबा वाजवतात, तो अंगाभोवती वेटोळं घालणारा पितळी भोंगा. त्यांच्यामागून क्लॅरिनेटवाले एलेनोकाका आले आणि सगळ्यात शेवटी फ्लोरोकाका. फ्लोरोकाकांनी आयुष्यभर ढोल बडवला आणि ढोलाने त्यांचे कान खाल्ले. बँड सुरू झाला तेव्हा आठ जण होते, त्यातले हे तीन उरलेत.

तिबुर्सियोकाकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि हळूच उघडलं. वाद्यं वाजवणाऱ्यांची संत सांता सेसिलिया, तिच्या तसबिरीची चौकट कुजली होती, ती बदलायला काढली तर मागून हा फोटो निघाला. बँडचा पहिला फोटो, चाळीस वर्षांपूर्वीचा. तो कुणी तिथे ठेवला, का ठेवला, कुणाला काही आठवेना. छपराचं पाणी चौकटीत झिरपत राहिलं होतं आणि फोटोची वरची पट्टी पार तपकिरी होऊन गेली होती. मानेपासून खाली सगळं लख्ख. पांढरे भरतकामाचे सदरे, हातात वाद्यं, पायांत चपला. वर मात्र एकाचंही डोकं नाही.

"अहो काका, अख्ख्या बँडची मुंडकी उडाली की!" मी म्हटलं.

"म्हणून तर आलो. तेनांगो शहरातला फोटोवाला म्हणतो, जे नाहीच ते मी कुठून आणू? तू आण. मोठ्या कापडावर आख. सांता सेसिलियाच्या दिवशी तिच्या खाली लावायचं."

म्हणजे बावीस नोव्हेंबर. हातात फक्त पाच आठवडे, आणि त्यात भरायचंही आलं. पण मला वाटलं, सोपं आहे. आमच्या कापडावर माणसाला चेहरा असतोच कुठे? एक डोळा, एक नाक, झालं. माणूस ओळखायचा तो त्याच्या हातात काय आहे आणि तो उभा कसा आहे त्यावरून. मी विचारलं, "यात कोण कोण आहे ते सांगा म्हणजे झालं."

विचारलं आणि पस्तावले.

फोटोच्या मधोमध एक गडी होता. खांद्यावर ट्यूबा, एक पाय पुढे, एक हात कमरेवर, छाती अशी काढलेली की सदऱ्याच्या गुंड्या तुटाव्यात. डोकं नसूनही तो देखणा दिसत होता.

"हा मी," तिबुर्सियोकाका म्हणाले.

"कोंपाद्रे, लाज बाळग," एलेनोकाका म्हणाले. दोघं एकमेकांच्या पोरांचे धर्मपिते आहेत, त्यामुळे एकमेकांना काहीही बोलतात. "ती कंबर बघ. तुला आईच्या पोटातसुद्धा कंबर नव्हती. हा मी आहे."

"ट्यूबा माझा!"

"फोटोपुरता मी धरला होता."

"मग तुझी क्लॅरिनेट धरून हा इथे कोण उभा आहे? तुझी सासू?"

एवढ्यात फ्लोरोकाका जोरात ओरडले, "तिबुर्सियो नव्हताच!" बहिऱ्या माणसाला आपण किती ओरडतो ते कळत नाही. माझी मांजर चुलीमागे पळाली.

"यांना काय चाललंय ते ऐकू येत नाही," तिबुर्सियोकाका म्हणाले. "फिदेंसिया, त्यांना कॉफी दे."

मी कॉफी दिली. फोटोत बाकीची पाच माणसं कशीबशी ठरली. आठवा मात्र अगदी कडेला होता आणि फोटोवाल्याने त्याला मधूनच कापला होता. एक पाय, एक हात आणि अर्धं पोट.

तेवढ्यात नाझारिया दारात आली. हातांना मक्याचं पीठ तसंच, पुसायचंही भान नव्हतं तिला. कुणीतरी तिला फोटोचं सांगितलं होतं आणि ती तोर्तिया थापता थापता उठून आली होती. नाझारिया माझी भाची नव्हे, पण मला मावशीच म्हणते. तिच्यासारखं भरतकाम करणारी आमच्याकडे दुसरी नाही. कापड उलटं केलं तरी सुलटं वाटावं असा टाका. बोलणं मात्र मोजून मापून.

तिचा बाप माकारियो या बँडमध्ये झांजा वाजवायचा. बँडच्या पहिल्याच हिवाळ्यात तो तापाने गेला, तेव्हा नाझारिया तीन महिन्यांची होती. त्यांच्या घरी त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या चांगल्या सदऱ्यातच त्याला पुरला. तिची आई प्लासिदा, ती चार वर्षांपूर्वी गेली. चाळीस वर्षांची बाई ही, आणि आपला बाप उभा कसा राहायचा तेही तिला ठाऊक नाही.

ती टेबलापाशी आली. "यात माझे बाबा कुठले?"

मग तिबुर्सियोकाकांनी बोट कडेला नेलं. "हा असावा. झांजावाला नेहमी टोकालाच उभा राहतो."

तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्यांचं पोट एवढं होतं?"

"थोडंसं," तिबुर्सियोकाका म्हणाले आणि कॉफीत बघू लागले.

"आई म्हणायची, काडीसारखे होते."

"अगं, फोटोत माणूस जाड दिसतो."

तिने मान हलवली. पिठाचा हात फोटोला लागू नये म्हणून करंगळी तेवढी त्या अर्ध्या माणसावर टेकवली. "अर्धे का होईना, आहेत," ती म्हणाली.

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. पावसाचा, फोटोवाल्याचा, की त्या दोन म्हाताऱ्यांचा, जे देखण्या माणसावरून भांडत होते आणि त्या पोरीच्या वाट्याला अर्धं पोट टाकून मोकळे झाले होते.

"मावशी, त्यांना पूर्ण आखाल ना?" तिने विचारलं. "आपल्या कापडावर अर्धा माणूस नसतो. आणि हे कापड मी भरणार. दुसरी कुणी नाही."

"पूर्ण आखते. पोट जरा कमी करू?"

"नको. होते तसे असू देत."

दुसऱ्या दिवसापासून मी बसले. आमच्याकडे सकाळी धुकं दाराशी येऊन बसलेलं असतं. नऊ वाजता ते उठतं तेव्हा खिडकीत उजेड येतो. मी भिंग घेतलं आणि ठरवलं, चेहरे गेले तर गेले, सदरे तरी नीट आखू. त्या काळी प्रत्येकाचा सदरा त्याच्या घरच्या बाईने भरलेला असायचा आणि घराघराची नक्षी ठरलेली. इतर लोक पेपर वाचतात, मी सदरे वाचते. क्लॅरिनेटवाल्याच्या छातीवर चोचीला चोच लावलेली दोन कबुतरं होती. ती एलेनोकाकांच्या आईची. म्हणजे क्लॅरिनेट धरलेले एलेनोकाकाच आणि म्हातारा धादांत खोटं बोलत होता. मी एकटीच खूप हसले.

मग मधल्या गड्यावर भिंग धरलं. त्याच्या पायाशी दोन ताटं पडली होती, जेवून उठले असतील म्हणून आम्ही ती सोडून दिली होती. सदऱ्यावर बारीक फुलं, वेलीत पक्षी, आणि छातीच्या मधोमध एक हरीण. छान उडी मारणारं. मी त्याचे पाय मोजले. सवयच आहे मला. एक, दोन, तीन, चार.

पाच.

मी भिंग खाली ठेवलं. थंड झालेली कॉफी पिऊन टाकली. परत मोजले, तरी पाचच.

आता सांगते. मी अकरा वर्षांची होते. आखायची ती माझी आई. मला पेनाला हात लावायची बंदी. एकदा आई बाजाराला गेली आणि प्लासिदाचं कापड अर्धं आखून टेबलावर राहिलं होतं. मला वाटलं, आपण पूर्ण करू आणि आईला दाखवू. हरीण बरोबर घडीवर आलं होतं. या बाजूने मी तीन पाय काढले, घडी उलटली, त्या बाजूने दोन काढले आणि खूश होऊन शेंगदाणे खायला गेले. आईचंही लक्ष गेलं नाही. प्लासिदाने अर्धं हरीण भरलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि ती सदरा घेऊन आमच्या दारात. आईने मला पळीने असं झोडपलं की दोन दिवस मला बसता येईना. आणि प्लासिदा? तिला हसू आवरेना. "राहू द्या हो," ती म्हणाली. "माझा माणूस नाचायला लागला की त्याचे पाय तरी कुणाला मोजता येतात?" आणि तिने पाचवा पायसुद्धा भरून टाकला.

त्या दिवसापासून मी मोजून आखते आणि ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, घटकाभर माझ्या मनात आलंच. मधला गडी माकारियो, हे फक्त मला माहीत आहे. चार पाय आखले तर कोण विचारणार? चाळीस वर्षांचं नाव आपलं, कशाला घालवा? मग मला ती करंगळी आठवली. नाझारिया दुसऱ्याच कुणाचं पोट बाप म्हणून भरत बसणार, एकेक टाका घालत, माझ्या तोऱ्यापायी. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तशीच उठले, एप्रन न सोडता गावात गेले आणि तिघा काकांना आणि नाझारियाला घेऊन आले. वाटेत तिबुर्सियोकाका दहा वेळा म्हणाले, "अगं, झालंय तरी काय?" मी पुढे चालत राहिले. बोलले असते तर दारापर्यंत पोचायच्या आत माझा धीर सुटला असता.

चौघं टेबलाभोवती बसले. मी सगळं सांगितलं. पळीसकट. एलेनोकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाच पाय! फिदेंसियाने! आणि आमच्या सुनांना म्हणे आखता येत नाही!"

"हसा," मी म्हटलं. "हसून झालं की आपल्या आईची कबुतरं बघा. कुणाच्या छातीवर आहेत ती?"

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आणि ती ताटं नाहीत," मी म्हटलं. "भिंगातून बघा. मधे चामड्याचे फासे आहेत. झांजा आहेत त्या. ट्यूबा धरायचा म्हणून त्याने त्या खाली ठेवल्या."

तिबुर्सियोकाकांचा चेहरा पडला. "पण मग," ते फोटोवर बोट फिरवत म्हणाले, "मी कुठाय?"

"संडासला!" फ्लोरोकाका गरजले.

मांजर परत चुलीमागे गेली. या वेळी मात्र सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. फ्लोरोकाका टेबलावर हात आपटत म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांगतोय, तिबुर्सियो नव्हता! सकाळी मक्याचे वाफवलेले तमाल किती खाल्ले होतेस? अकरा! फोटोवाला घाई करत होता आणि तू झुडपात! माकारियो म्हणाला, आण तो भोंगा इकडे, मी धरतो. आणि तू पळत आलास तोवर खटका पडला!"

आम्ही सगळे फोटोवर वाकलो. कडेचा अर्धा माणूस. पाय उचललेला, अर्धं पोट पुढे, आणि हात कमरेशी. इतके दिवस आम्हाला वाटत होतं, ऐटीत उभा आहे. तो विजार धरून पळत होता.

"अकरा नव्हते," तिबुर्सियोकाका शेवटी म्हणाले. "आठ होते." मग नाझारियाकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "पोरी, मला माफ कर. पोरांना, मग नातवंडांना चाळीस वर्षं सांगत आलो की मी मधोमध उभा होतो. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. तुझ्या बापाची जागा मी घेतली गं."

नाझारियाचं लक्षच नव्हतं. भिंग तिच्या हातात होतं आणि ती फोटोवर इतकी वाकली होती की तिची वेणी कॉफीत बुडाली होती. तिचे ओठ हलत होते. मोजत होती.

"पाच," ती म्हणाली. मग पुढे टाकलेला पाय पाहिला, कमरेवरचा हात पाहिला, ती छाती पाहिली. "मावशी, हे तर..." रडता रडता ती हसत होती, नाक ओढत होती, परत हसत होती. "हे तर सगळ्यात देखणे आहेत!"

"होताच तसा," एलेनोकाका म्हणाले. "उगाच भांडत होतो का आम्ही?"

"आणि नाचायचे?"

"नाचायचे? अगं, कार्निव्हलला तीन दिवसांत दोन जोड चपला संपवायचा तो. झांजा वाजवता वाजवता नाचायचा आणि ताल चुकवायचा, मग मी शिव्या घालायचो. तुझी आई बाजूला उभी राहून त्याच्या चपला मोजायची."

मी कापड पसरलं. मधला गडी आखायचा बाकी होता, तो मी तिच्यासमोरच आखला. ट्यूबा, कमरेवरचा हात, पुढचा पाय, पायाशी झांजा. सदऱ्यावर हरणाचं अंग काढलं आणि पेन उचललं.

"किती पाय काढू?" मी विचारलं.

"पाच," नाझारिया म्हणाली. "आईने भरले तेवढे."

आखले मी. सगळ्यांच्या देखत, पेनाने. रेघ सरळ आली.

तिबुर्सियोकाकांना कडेला पूर्ण आखलं, धावताना, दोन्ही हातांनी विजार सावरताना. त्यांनी हात जोडून विनंती केली की पुढे एखादं मोठं फूल काढ. काढलं. आमच्याकडे रिकामी जागा तशीही ठेवत नाहीत.

नाझारियाने ते कापड तीन आठवड्यांत भरलं. बाकी सगळ्यांचे सदरे पांढरे सोडले, बापाचा लाल केला. हरीण निळं. सांता सेसिलियाच्या दिवशी कापड तिच्या खाली लागलं आणि अख्खं गाव रांगेने बघून गेलं. लोक तिबुर्सियोकाकांपाशी थांबून पोट धरून हसत होते आणि काका स्वतःच बोट दाखवून सांगत होते, "आठ तमाल. लोक अकरा म्हणतात, विश्वास ठेवू नका." मलाही सोडलं नाही कुणी. बाजारात आता मला पाच पायांची हरणं मागतात. मी देत नाही. ते हरीण एकाचंच.

गर्दी जरा ओसरली तेव्हा नाझारिया आपल्या लेकीला घेऊन आली आणि तिला कापडापाशी उभं केलं. "हे माझे बाबा," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडी मी पहिल्यांदा इतक्या सरळ ऐकला, जणू तो रोजचाच आहे. मग ती कापडाकडे वळून म्हणाली, "बाबा, ही तुमची नात."

बाहेर बँड सुरू झाला. तिबुर्सियोकाका ट्यूबात फुंकत होते, फ्लोरोकाका स्वतःच्याच तालात ढोल बडवत होते. लग्नातसुद्धा भिंतीला टेकून बसणारी नाझारिया लेकीचा हात धरून अंगणाच्या मधोमध गेली आणि नाचायला लागली. मी कॉफी घेऊन पायरीवर बसले होते. माझी आपली सवय, तिचे पाय मोजायला लागले.

नाही जमलं.